बैठकीतल्या गालिच्यावरचा डाग

'ती घटना आजही आठवते' असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. माझं थोडं वेगळं आहे. ही घटना मी मुद्दाम ध्यानात ठेवली आहे. विसरून जा, किरकोळ बाब आहे, एका गालिच्यावरून एवढं काय, असं मला त्या वेळी वरच्यांनीही सांगितलं आणि बरोबरीच्यांनीही. तेव्हा ऐकलं नाही. आता पेन्शन चालू झाल्यावर तर ऐकायचं कारणच उरलेलं नाही. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या महामार्गालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि भारी धानाची, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताची, कापणी ऐन भरात होती. या दिवसांत ठाण्यात जरा उसंत मिळते. माणसं एकतर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात. भांडायला सवड नसते. ठाणे अंमलदार दुपारचा चहा गरम असतानाच पितो, यावरून काय ते समजा.

अशाच एका रविवारी दुपारी दोनला फोन आला. कॉलनीतल्या एका घरात चोर शिरला, झटापट झाली, रक्त सांडलं आहे. पत्ता ऐकून मी स्वतः निघालो, कारण घर मानाचं होतं. गृहस्थ माळकरी, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन. घरात अंडंसुद्धा कधी फुटलं नव्हतं, अशी ख्याती. नवराबायको दोघं नात्यातल्या लग्नाला गोंदियाला गेली होती आणि ठरल्यापेक्षा अर्धा दिवस आधी परत आली होती. मागे घरात होता त्यांचा एकुलता मुलगा, पंचविशीतला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा.

बैठकीत दुधाच्या सायीसारख्या रंगाचा लोकरी गालिचा अंथरलेला होता. आमच्याकडे घरात गालिचा असणं ही रोजची गोष्ट नाही. या घरी आलेला माणूस तर चपलाच काय, पायही झटकून आत यायचा. त्या गालिच्याच्या मधोमध ताटाएवढा ओला, लालभडक डाग होता. मालकीणबाई सोफ्याच्या कडेला बसून रडत होत्या. दार उघडताच त्यांना तो डाग दिसला होता, त्या 'रक्त, रक्त' म्हणून ओरडल्या होत्या आणि शेजारी धावून आले होते.

मुलाने हकीगत सांगितली. एकच्या सुमारास मागच्या दाराने एक माणूस आत आला. तोंडाला दुपट्टा बांधलेला होता. आपण काठी हाणली, ती त्याच्या हाताला लागली, रक्त सांडलं आणि तो पळाला. आईबाबांना बघवणार नाही म्हणून आपण डाग पुसायला घेतला, तर आणखी पसरला. हकीगत सांगताना मुलाने दुपट्ट्याच्या चौकटी, त्यांचा रंग, चोराच्या अंगाचा वास, सगळं सांगितलं. इथे माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मार खाल्लेला किंवा मार देणारा माणूस एवढं टिपून ठेवत नाही. त्याला एखादंच काहीतरी आठवतं, आणि ते भलतंच असतं.

पण घर मानाचं होतं. मी पंच बोलावले, घटनास्थळाचा पंचनामा केला. 'रक्तासारखा लाल डाग, साबणाचा वास येत आहे' हे शब्द मीच सांगितले आणि हवालदाराने लिहिले. डागाचे थोडे धागे कापून पाकिटात घातले, लाख लावून मोहोर केली आणि नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची तयारी केली. खरं तर पूर्ण गालिचाच जप्त करायला हवा होता. गृहस्थ म्हणाले, "साहेब, ठाण्यात नेऊन त्याचं पोतेरं होईल." मी ऐकलं आणि गालिचा तिथेच राहू दिला. गरिबाच्या घरची गोधडी असती, तर गुंडाळून गाडीत टाकली असती.

मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे किल्ली वापरलेली. दुसरी किल्ली होती त्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे. तिला मी इथे ताई म्हणेन. त्या वेळी म्हटलं नव्हतं. पाच किलोमीटरवरच्या गावातून ती सायकलने यायची. आठ वर्षं त्या घरात होती, पण त्या रविवारी आली नव्हती.

सोमवारी सकाळी खबर आली. तिच्या गावातल्या एका पानठेलेवाल्याने आमच्या शिपायाच्या कानावर घातलं, की ताईच्या नवऱ्याच्या डाव्या हाताला पट्टी आहे, कालपासून. मला वाटलं, केस संपली.

दोघांनाही उचलून आणलं. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारावं लागतं, हा नियम मला पाठ होता. तरी आणलं. स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोघांच्या नावांपुढे 'संशयित' असा शब्द लिहिला. शाई माझी, अक्षर माझं.

नवरा साधा, अबोल माणूस. विचारलं, हाताला काय झालं? तो म्हणाला, "इळा लागला जी, धान कापताना."

"काल दुपारी एक वाजता कुठे होतास?"

"बांधीत होतो. बारा माणसं होती संगं. इचारा त्याईले."

मी काही विचारलं नाही. गाववाले एकमेकांची बाजू घेतात, हे आमचं ठरलेलं उत्तर. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी लिहून दिलं की जखम धारदार वस्तूची आहे. काठीने असं कापत नाही. मी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, काठीला खिळा होता. काठी कुठे? फेकली. कुठे फेकली? आठवत नाही. दुपट्ट्याच्या चौकटी आठवतात आणि काठी आठवत नाही! तरीही मी चालवून घेतलं. कापणीच्या दिवसांत आमच्या भागात दर दुसऱ्या माणसाच्या बोटाला चिंधी असते. उपाशी राहून मला शिकवणाऱ्या माझ्या बापाच्या बोटांवर तशा चार खुणा होत्या. हे मी विसरलो होतो, त्याचा मला आजही राग येतो.

ताईला बाकावर बस म्हटलं, तर ती उभीच राहिली. मी आवाज चढवला. आठ वर्षांचं घर, तुला लाज नाही वाटली? किल्ली कुणाला दिली? कबूल कर, सोपं जाईल. सगळी नेहमीची तबकडी लावली. ती एवढंच म्हणाली, "मी काही केलं नाही, त कबूल काय करू? मले तो डाग दाखवा."

"तो पुरावा आहे. तुला कशाला दाखवायचा?"

"आठ वर्सं त्या गालिच्यावरचे डाग म्याच काढले. चहाचे, आमरसाचे, वरणाचे. मले पाह्यल्याशिवाय कसं समजन?"

ठाण्यातले दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन. संध्याकाळी दोघांना घरी सोडलं आणि नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहायला सांगितलं. अटक दाखवायचे कागद तयार ठेवले. तोवर कॉलनीत ताई ज्या पाच घरी कामाला जायची, त्या पाचही घरांनी तिला काम सोडायला सांगितलं होतं. गावात नवऱ्याला कापणीच्या टोळीतून वेगळं काढलं होतं. एका दिवसात एवढं होतं. आमची एक जीप कुणाच्या दारात थांबली की पुढचं सगळं लोकच करतात.

मंगळवारी सकाळी हजेरी चालू असतानाच दोघं फाटकात येऊन उभी राहिली. नवरा मान खाली घालून, ती मान वर करून. हजेरी संपल्यावर ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, एकच इचारतो. तो डाग अजून लाल हाये का?"

मी सकाळीच हवालदाराला त्या घरी सही आणायला पाठवलं होतं. त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हो साहेब. चादर टाकून ठेवली आहे, पण कड दिसते. लालच आहे."

ती म्हणाली, "रगत तीन दिस लाल राह्यते का जी?"

वाचकहो, मी तीस वर्षं रक्त पाहिलं होतं. महामार्गावर पाहिलं, शेतात पाहिलं, स्वतःच्या वर्दीवर पाहिलं. ते काही तासांत काळपट पडतं, दुसऱ्या दिवशी खपलीसारखं तपकिरी होतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं, पण त्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांसोबत मी ते काढून ठेवलं होतं. मी खुर्चीतून उठलो. अटकेचे कागद खणात टाकले.

"चला, ताई," मी म्हणालो. पहिल्यांदा म्हणालो.

घरी पोचल्यावर पुन्हा दोन पंच बोलावले, पहिल्या पंचनाम्याचेच. गृहस्थ घरी नव्हते. मालकीणबाईंनी ताईला दारात बघितलं आणि म्हणाल्या, "हिला काहून आणलं? ही आत नाही येणार."

"येतील," मी म्हणालो. "माझ्यासोबत आल्या आहेत."

चादर काढली. ताई डागाशी उकिडवी बसली. तिने हात लावला नाही, आधी वाकून वास घेतला. मग डागाच्या कडेने नजर फिरवत म्हणाली, "पाहा साहेब. गोल गोल घासलंय. घासाचं नसते. कोरडा कपडा टाकून दाबाचं, कडेकडून मधात यायचं, म्हणजे पसरत नाही. आन् तेलकट असन त आधी बेसन भुरकवून ठेवाचं, तेल ओढून घेते. मंग थंड पाणी. याच्यावर त कपड्याची पावडर ओतली."

"मग?"

"हळदीवर साबण पडला का हळद लाल होते जी. घरोघरच्या बायाईले मालूम हाये. लग्नातले हळदीचे कपडे कोन धुते? हे रगत नाही. हा रस्सा होय. मी असती त साबण लावलाच नसता."

मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा आत्तापर्यंत माझ्या चांगल्या ओळखीचा झाला होता, पण हा रंग नवा होता.

"दाखवता येईल?" मी विचारलं.

"लिंबू द्या. आंबट लागलं का पिवळी होते परत."

मी मालकीणबाईंना लिंबू मागितलं. त्या म्हणाल्या, "लिंबू नाही घरात."

त्यांच्या पाठीमागे खिडकी होती. खिडकीबाहेर अंगणात लिंबाचं झाड होतं आणि ते लिंबांनी लगडलेलं होतं. मी झाडाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली. मला रक्त ओळखता आलं नव्हतं, पण खोटं ओळखण्यात मी अजून इतका वाईट नव्हतो. हवालदार अंगणात गेला आणि दोन लिंबं तोडून घेऊन आला.

आता नियमाने बघाल तर पुराव्याला असा हात लावायचा नसतो. मी पंचांना समोर बसवलं, मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं आणि डागाची फक्त एक कड वापरायची असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ताईने लिंबू चिरलं आणि चार थेंब पिळले. लाल रंग तिथल्या तिथे गेला. दोन बोटांएवढी जागा फोडणीच्या तेलासारखी पिवळी झाली. पंचांपैकी एक म्हातारे मास्तर होते, त्यांच्या तोंडून "अरे बाप्पा!" निघालं.

मुलाला वेगळं बसवावं लागलं नाही. तो तिथेच बोलायला लागला. शनिवारी दुपारी साकोलीहून तीन मित्र आले होते. येताना ढाब्यावरून मटण आणि बाटली घेऊन आले होते. जेवताना रश्श्याचं भांडं गालिच्यावर कलंडलं. रविवारी सकाळी त्याने कपड्यांची पावडर टाकून घासलं आणि डाग लाल झाला. जितकं घासलं तितका लाल. तो अजून घासतच होता आणि आईबाबा दारात आले. आई 'रक्त' म्हणून ओरडली आणि त्याला वाट सापडली. माळकऱ्याच्या घरात मटण शिजवलं नसलं तरी सांडलं, हे सांगण्यापेक्षा चोर आला हे सांगणं सोपं होतं. ताईचा नवरा सापडेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. सापडल्यावर मात्र तो गप्प राहिला. खोटं सुचणं मी समजू शकतो. ते दोन दिवस शांतपणे सांभाळणं मला माफ करता येत नाही.

ताई मुलाकडे बघत नव्हती. ती मालकीणबाईंकडे बघत होती.

"बाई, तुमाले मालूम होतं."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"कालच मालूम झालं असन तुमाले. म्हणून चादर टाकली. चादरीनं वास लपत नाही."

बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, "काय करू मग? यांची माळ, लोकांत यांचं नाव. कोणाले तोंड दाखवलं असतं मी?"

"तुमचं तोंड झाकाले माह्या नवऱ्याच्या हाताले बेडी?" ताईचा आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या पोराले ताप आला तवा रातभर म्या पट्ट्या ठेवल्या, बाई."

पुढे जे झालं ते माझ्या पंचनाम्यात नाही, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. रडता रडता मालकीणबाईंची नजर गालिच्यावर गेली. आठ वर्षांची सवय तोंडात आली असावी. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. आता एवढा डाग तरी काढून दे गं. तुलाच जमते."

ताई उठली. लिंबाची साल टेबलावर ठेवून तिने पदराला हात पुसले.

"जमते. आजच्या उन्हात टाकला त उद्यापर्यंत नावालेही राहणार नाही. पण मी काढत नाही."

ती बाहेर गेली आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला तिने सावकाश पायात घातल्या. कॉलनीतली सगळी दारं उघडी होती आणि ती सगळ्यांच्या समोरून मधल्या रस्त्याने चालत गेली. मला त्या वेळी सलाम ठोकावासा वाटला होता. ठोकला नाही, याची चुटपुट आहे.

ठाण्यात आल्यावर तिने मला विचारलं, "तुमच्या वहीत आमची नावं लिहिली ना? ती खोडा."

मी तिला खरं ते सांगितलं. स्टेशन डायरीतलं खोडता येत नाही, पान फाडता येत नाही, तो कायदा आहे.

"मंग खाली लिहा. चूक तुमची होती म्हणून लिहा."

मी पेन घेतलं. वेळ टाकली आणि लिहिलं, की अमुक क्रमांकाच्या नोंदीत ज्यांना संशयित म्हटलं ते पती-पत्नी निर्दोष आहेत, संशय माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणाने घेतला गेला, आणि महिलेला नियमाविरुद्ध ठाण्यात आणलं गेलं. खाली पूर्ण सही केली, हुद्द्यासह. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणखी एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं, या वेळी ठाण्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "चाल, धान पडलंय बांधीत."

दोन दिवसांनी वरिष्ठ आले. त्यांना त्या गृहस्थांचा फोन गेला होता. तपास संपल्यावर न्यायालयात अहवाल जातो. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर 'ब', आणि गैरसमजातून झाली असेल तर 'क'. वरिष्ठ म्हणाले, "क करा. पोरगं आहे, आयुष्य पडलंय त्याचं." मी म्हणालो, आयुष्य त्या बाईचंही आहे, आणि गैरसमज फक्त माझा झाला होता, मुलाचा नाही. ब जाईल. मग त्यांनी डायरी उघडली. माझी नोंद वाचून ते लाल झाले, साबणाशिवाय.

"असं कुणी स्वतःविरुद्ध लिहितं का? हे काढून टाका."

"साहेब," मी म्हणालो, "स्टेशन डायरीतलं खोडता येत नाही. कायदा आहे."

महिन्याभरात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. चौकशीही लागली, बाईला ठाण्यात आणल्याबद्दल, माझ्याच नोंदीच्या आधारावर. शिक्षा झाली, ती घेतली. ती माझीच होती. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे कितीतरी दिवसांनी आला, 'रक्त आढळले नाही'. तोवर ताई कॉलनीत कामाला लागली होती, पाचांपैकी चार घरी. बोलवायला त्या घरची माणसं तिच्या गावात गेली होती, आणि तिने बारा कापणाऱ्यांसमोर त्यांना माफी मागायला लावली, असं मला हवालदाराने सांगितलं. पाचव्या घरी ती गेली नाही.

या केसने मला काय शिकवलं? डाग बघायचा असेल, तर ज्याचे हात रोज डाग काढतात त्याला आधी विचारावं. तीस वर्षांच्या नोकरीत मी डॉक्टरांना विचारलं, वकिलांना विचारलं, प्रयोगशाळेला कागद पाठवले. समोर उभ्या असलेल्या बाईला विचारायला मला तीन दिवस लागले, आणि तेही तिनेच मला विचारलं म्हणून.

निवृत्तीच्या समारंभात एका जुन्या सहकाऱ्याने कानात सांगितलं, ती एक नोंद केली नसतीस तर वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला असतास. खरं असेल. गेल्या वर्षी काही कामाने त्या ठाण्यात गेलो होतो. नव्या ठाणेदाराने चहा पाजला. जुन्या डायऱ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून मी विचारलं, अजून सगळ्या आहेत का? तो म्हणाला, आहेत साहेब, एकही पान गेलेलं नाही. मी चहा संपवला आणि ताई सायकलने यायची त्या रस्त्याने चालत बसथांब्याकडे निघालो.